‘मला जमेल’ असं मुलाला कधी वाटतं?

28 जुलै 2025 रोजी नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमी शहरात बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. समोर कोनेरू हम्पीसारखी कसलेली खेळाडू होती आणि दिव्या होती अवघी 19 वर्षांची. त्याआधी डिसेंबर 2024 मध्ये चेन्नईचा डी. गुकेश 18व्या वर्षी जगज्जेता झाला होता. अशा बातम्या आल्या की आमच्या बडोद्यात पालकांची चौकशी सुरू होते: बुद्धिबळाचा क्लास कुठे आहे, कितव्या वर्षी घालावं, फी किती? थोडे दिवस गेले की त्याच पालकांचा सूर बदलतो. "दोन डाव हरला की पट उधळतो. पोरात जिद्दच नाही. ती आणायची कशी?"

प्रश्न मनापासूनचा असतो आणि त्याला उत्तरही आहे. फक्त ते मुलाला करायच्या उपदेशात सापडत नाही. मुलाच्या आजूबाजूची मोठी माणसं काय करतात, कधी पुढे होतात आणि कधी हात आवरतात, यात त्याचा बराचसा भाग आहे. चार ते दहा या वयातल्या मुलांबद्दल मी इथे लिहितो आहे, कारण घरच्यांच्या वागण्याचा सगळ्यात जास्त परिणाम याच वयात होतो, असं माझं मत आहे.

आधी हिंमत की आधी काम?

आपण समजतो की आधी हिंमत येते आणि मग माणूस कठीण कामाला हात घालतो. लहान मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा हे उलटं घडतं. कठीण वाटलेलं काहीतरी हातून पार पडतं आणि त्याच्या मागून हिंमत येते.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली याची मांडणी केली. त्याने वापरलेली संज्ञा ‘सेल्फ-एफिकसी’. तिला आपण आत्मक्षमता म्हणू. आत्मक्षमता म्हणजे एका ठरावीक कामाबद्दल ‘हे मला जमेल’ असं वाटणं. हा विश्वास कामापुरता असतो. पोहायला न भिणारं मूल वर्गात उभं राहून चार ओळी वाचायला घाबरू शकतं, म्हणून त्याला सरसकट धीट किंवा सरसकट भित्रं ठरवण्यात अर्थ नसतो. बांडुराच्या म्हणण्याप्रमाणे हा विश्वास चार वाटांनी येतो: स्वतः करून पाहिल्याने, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहिल्याने, कोणी विश्वासाने ‘कर, होईल’ म्हटल्याने, आणि त्या वेळी शरीरात जे होतं (धडधड, पोटात गोळा) त्याचा आपण काय अर्थ लावतो त्यावरून. यांतली पहिली वाट सगळ्यात पक्की. घरोघरी आपला भर असतो तिसरीवर, म्हणजे बोलण्यावर.

पहिली वाट प्रत्यक्ष पाहायची असेल तर मल्लखांब शिकवतात तिथे संध्याकाळी जाऊन बसावं. बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरापासून, म्हणजे प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यापासून, व्यायामाची जुनी परंपरा आहे. नवं पोर आलं की त्याला कोणी लगेच खांबाच्या टोकावर चढवत नाही. आधी पकड, मग उडी, मग साधी अढी, म्हणजे पायांची कैची खांबाला घालून उलटं धरून राहणं. खांबाला एरंडेल लावलेलं, हात सटकतात. सहा वर्षांची एक मुलगी पहिल्यांदा उलटी झाली तेव्हा शिकवणाऱ्या सरांचा तळवा तिच्या पाठीखाली होता, टेकलेला नव्हता, वीतभर खाली. ती म्हणत होती, "सर, धरा ना." सर म्हणाले, "हात इथेच आहे. तू पाय आवळ." तिने पाय आवळले, दोन श्वास तशीच राहिली आणि उतरली. उतरल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती स्वतःच रांगेत परत जाऊन उभी राहिली, पुन्हा करायला.

तो वीतभर खाली धरलेला हात मला फार महत्त्वाचा वाटतो. हात काढून घेतला असता तर ती घाबरली असती, आणि पाठीला लावला असता तर आपण स्वतः लटकलो हे तिला कळलंच नसतं.

मग मदत किती करायची?

मुलाला एकट्याने जमत नाही पण कोणी थोडा आधार दिला तर जमतं, असा प्रत्येक कामात एक टप्पा असतो. शिकणं याच टप्प्यात होतं, हे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्कीचं म्हणणं. पुढे 1976 मध्ये वूड, ब्रूनर आणि रॉस या अभ्यासकांनी अशा आधाराला ‘स्कॅफोल्डिंग’ हे बांधकामातलंच नाव दिलं. आपल्याकडे स्लॅब टाकताना खाली सेंटरिंगच्या फळ्या आणि टेकू लावतात, तसाच हा आधार. टेकू लवकर काढले तर स्लॅब खाली येतो. पण काँक्रीट धरल्यावरही ते कोणी ठेवत नाही. काढून पुढच्या मजल्याला नेतात.

आपली चूक बहुतेक टेकू न काढण्यात होते. उत्तरायणच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी बडोद्याच्या कुठल्याही गच्चीवर पाहा. पाच-सहा वर्षांचा पुतण्या सकाळपासून फिरकी धरून उभा असतो. "काका, मला दे ना." "थांब रे, आधी वर जाऊ दे." काका किन्ना बांधतो, काकाच ठुमके देतो, पतंग गोते खायला लागला की ढीलही तोच देतो. पतंग वर जाऊन स्थिर झाला की दोरा मिनिटभर पोराच्या हातात येतो आणि सगळे ओरडतात, "बघा, याने उडवला!" पोराला ठाऊक असतं की त्याने उडवलेला नाही. पतंग उडवणं म्हणजे मोठ्यांचं काम आणि आपलं काम फिरकी धरायचं, एवढं तो त्या दिवशी शिकतो.

हे केवळ माझं निरीक्षण नाही. 2021 मध्ये ज्युलिया लेनर्ड आणि सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. कोडं सोडवताना मूल अडलं की काही मुलांच्या बाबतीत मोठ्या माणसाने हातातून घेऊन ते स्वतः पूर्ण केलं. त्या मुलांनी पुढच्या कठीण कामात इतरांपेक्षा लवकर हार मानली.

त्याच काकाने आदल्या संध्याकाळी, वारा बरा असताना, एक लहान पतंग पोराच्या हाती द्यावा. लांब जाऊन छूट द्यावी, म्हणजे पतंग हाताने वर सोडावा, आणि बाकी त्याच्यावर सोपवावं. दोन-चार पतंग फाटतील, एखादा शेजारच्या गच्चीत जाईल. मदत करायचीच तर हाताने न करता प्रश्नाने करावी: "वारा कुठून येतोय बघ बरं?" शाळेच्या रिक्षाची वेळ झालेली असताना हे सुचत नाही, हे खरं. सकाळी सव्वासातला बुटाची नाडी आईनेच बांधावी, त्यात काही बिघडत नाही. पण रविवारी दुपारी नाडी त्याचीच असू द्यावी, वीस मिनिटं लागली तरी.

मुलं आपल्याला झगडताना पाहतात का?

बांडुराची दुसरी वाट म्हणजे पाहून शिकणं. ती किती लहानपणी सुरू होते हे 2017 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या एका प्रयोगाने दाखवलं, आणि त्यातही लेनर्ड होत्याच. पंधरा महिन्यांच्या काही बाळांनी मोठ्या माणसाला डब्यातून खेळणं काढण्यासाठी झटताना पाहिलं, काहींनी ते चुटकीसरशी काढताना पाहिलं. मग बाळांच्या हाती एक असं खेळणं दिलं ज्याचं मोठं बटण दाबून काहीच व्हायचं नाही. ज्यांनी झटणं पाहिलं होतं, त्या बाळांनी बटण जास्त वेळा दाबून पाहिलं.

घरात आपण मुलांना नेमका शेवट दाखवतो. पोळी फुगलेली दिसते, पण पीठ सैल झालं म्हणून पुन्हा मळलेलं दिसत नाही. आजी साठीनंतर मोबाइलवर गुजराती टाइप करायला शिकते तेव्हा ती आधी तीनदा चुकते. ते चुकणं नातवासमोर, मोठ्याने बोलत व्हावं: "परत चुकलं. थांब, आता वेगळं करून बघते."

मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगतानाही आपण हेच करतो. बडोद्यात वाढलेल्या प्रत्येक मराठी मुलाला सयाजीरावांची गोष्ट माहीत असते. 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेण्यासाठी कवळाणे गावाहून मुलं आणवली. ‘कशाला आलास?’ असं विचारल्यावर बारा वर्षांचा गोपाळ ‘राज्य करायला’ म्हणाला, असं सांगतात. गोष्ट इथे संपते आणि ऐकणाऱ्या मुलाच्या मनात राहतं की मोठी माणसं जन्मतःच तशी असतात. पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. हा शेतकऱ्याघरचा मुलगा तेव्हा जवळपास निरक्षर होता. ज्या वयात इतर मुलं पुस्तकं वाचत होती त्या वयात तो अक्षरं गिरवायला बसला. इलियट नावाच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली सहा वर्षं शिकला आणि डिसेंबर 1881 मध्ये त्याने कारभार हाती घेतला. याच राजाने 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलामुलींना दोघांनाही. आपल्या पोरांना ती सहा वर्षं सांगायला हवीत.

‘हुशार आहेस’ म्हणायचं नाही का?

पहिला आक्षेप इथे येतो: कौतुकही करायचं नाही की काय? करावं, भरपूर करावं. कशाचं करतो तेवढं पाहावं.

1998 मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांना सोपी कोडी दिली. सोडवून झाल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू खूप मेहनत घेतलीस’ म्हटलं. नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, ज्यांत सगळेच अडले. शेवटी पुन्हा पहिल्यासारखी सोपी दिली. ‘हुशार’ ऐकलेल्या मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा घसरली, ‘मेहनत’ ऐकलेल्यांची सुधारली. आणि मला चटका लावणारी बाब पुढे आहे: आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवायला सांगितलं तेव्हा ‘हुशार’ गटातल्या दहापैकी जवळपास चार मुलांनी ते वाढवून लिहिले. एकदा हुशार ठरलेल्या मुलाला अपयश लपवावंसं वाटतं, कारण त्याच्या लेखी अपयश म्हणजे हुशारीच गेली.

या संशोधनाचा पुढे फार गाजावाजा झाला. बुद्धी मेहनतीने वाढते हे मुलांना पटवणाऱ्या, ‘मनोवृत्ती बदला, मूल बदलेल’ अशा कार्यशाळा निघाल्या. तिथे जरा सावध राहावं. 2019 मध्ये अमेरिकेत नववीच्या 12,000हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात तासाभराहून कमी वेळाच्या अशा प्रशिक्षणाने मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेसेच. शिवाय नुसतं ‘मेहनत केलीस’ म्हणत राहणंही पोकळ होतं. मूल चुकीच्या रीतीने तासभर घासत असेल तर त्याला रीत बदलायला शिकवावं लागतं. "या वेळी तू आधी कडेचे तुकडे लावलेस, म्हणून चित्र लवकर जमलं", असं नेमकं सांगितलेलं मुलाच्या कामी येतं.

मोठं स्वप्न सांगावं का?

गुकेशचं लहानपणचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं आहे: सर्वांत तरुण जगज्जेता व्हायचंय. त्यावरून वाटतं की मुलाला ध्येय लवकर द्यावं. पण त्याच गुकेशच्या वाटेत 2019 ची एक गोष्ट आहे. सर्वांत लहान वयात ग्रँडमास्टर होण्याचा विक्रम त्याचा अवघ्या 17 दिवसांनी हुकला. तो विक्रम हेच सर्वस्व असतं तर गोष्ट तिथेच थांबली असती.

सहा वर्षांच्या मुलाला ‘बारा वर्षांनी’ म्हणजे काय हे कळत नाही. त्याची मुदत आज संध्याकाळपर्यंत, फार तर येत्या रविवारपर्यंत असते. स्वप्न त्याने पाहिलं तर हसू नये, ‘आधी टेबल्स पाठ कर’ असं म्हणून ते मोडूही नये. पण त्याच्या हातात द्यायची ती आजची पायरी: आज फक्त घोडा कसा चालतो ते. ती पायरीही अशी असावी की चार-पाच प्रयत्नांत जमेल. पहिल्याच प्रयत्नात जमली तर ती फार सोपी, आणि आठवडाभर जमलीच नाही तर ती आपण चुकीची निवडली. मुलाला दोष देऊ नये.

लहान मुलांना कंटाळवाण्या कामात टिकवायची एक युक्ती 2017 च्या एका अभ्यासात दिसली. चार आणि सहा वर्षांच्या मुलांना कंटाळवाणं काम दहा मिनिटं करायचं होतं, शेजारी टॅबवर गेम ठेवलेला होता. ज्या मुलांना आवडत्या शूर पात्राचं सोंग घेऊन, त्याच्या नावाने ‘तो मेहनत करतोय का?’ असं स्वतःला विचारायला सांगितलं, ती सगळ्यात जास्त टिकली. आपल्या घरात हे करायला काहीच लागत नाही. अर्धं पान लिहायचं राहिलं असेल तर विचारावं, "मावळा गड अर्धाच चढून परत येतो का रे?" बहुतेक पोरं एवढ्यावर पेन्सिल उचलतात.

आम्हीही मार खाऊनच शिकलो

हा आक्षेप आजोबांच्या पिढीकडून येतो आणि त्यामागे बहुतेक वेळा खरी काळजी असते: जग कठोर आहे, पोर मऊ राहिलं तर टिकणार कसं? पण बांडुराची चौथी वाट आठवा. घाबरलेल्या मुलाचं लक्ष गणितावर नसतं, मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं. छाती धडधडते ती त्याच्या मनात गणिताशी जोडली जाते, आणि पुढच्या वेळी वही उघडली की आधी धडधड येते. अपमानाचंही तेच. शिक्षण हक्क कायदा 2009 ने शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी केली आहे, ती योग्यच आहे.

याचा अर्थ अपेक्षा कमी ठेवाव्यात असा नाही. मल्लखांबाचे सर कडक असतात. रांग मोडू देत नाहीत, अर्धवट अढी मोजत नाहीत. पण त्यांचा हात खाली असतो. ज्यांनी मार खाऊन प्रगती केली त्यांना विचारलं तर त्यांच्याही आठवणीत जीव लावणारं एखादं माणूस निघतंच. श्रेय त्या माणसाला द्यावं.

दिलेला शब्द आणि मुलाचा धीर

‘एक गोळी आत्ता, थांबलास तर दोन’ हा मार्शमॅलोचा प्रयोग अनेकांनी ऐकला असेल. थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात, असा त्याचा निष्कर्ष सांगितला जातो. 2018 मध्ये तो मोठ्या गटावर तपासला तेव्हा घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर हा संबंध बराच फिका पडला. त्याआधी, 2013 मध्ये, सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी एक भर घातली होती. मोठ्या माणसाने आधी मुलांना चांगले रंग आणून द्यायचं कबूल केलं. काहींना आणून दिले, काहींना ‘नाहीत, सॉरी’ म्हटलं. मग गोळीचा प्रयोग केला. शब्द पाळलेला पाहिलेली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, फसवली गेलेली 3 मिनिटं.

म्हणजे थांबणं हा मुलाचा हिशेब होता, आणि तो बरोबरच होता. जिथे कबूल केलेलं मिळत नाही तिथे थांबून फायदा काय? ‘हे सगळं पैसेवाल्यांच्या घरातलं’ असं जे म्हणतात त्यांचं अर्धं खरं आहे. ज्या घरात पगाराचा भरवसा नाही, तिथे शब्द पाळणं आईबापांच्या हातात राहत नाही. अशा मुलांना चिकाटी नाही म्हणणं हा अन्याय आहे. त्यांच्यासाठी वेळेवर उघडणारं वाचनालय, रोज येणारे शिक्षक, रद्द न होणारा सराव यांचं मोल फार मोठं. आणि आपल्या हातात जेवढं आहे तेवढं करावं: रविवारी कमाटीबागेत नेतो म्हटलं तर न्यावं. नेता येणार नसेल तर कबूलच करू नये.

सोडायचं म्हणाला तर?

सोडणं म्हणजे पराभव असं मी मानत नाही. पण कधी सोडायचं याचा नियम आधी ठरवावा. हरल्याच्या दिवशी निर्णय नाही. भरलेली फी संपेपर्यंत किंवा सत्र संपेपर्यंत जायचं, मग शांतपणे बसून बोलायचं. त्या बोलण्यात विचारावं की आवडत नाही की जमत नाही. जमत नाही असं असेल तर पायरी बदलून पाहावी. खरंच आवडत नसेल तर दुसरं काही निवडू द्यावं, आणि ‘तुझ्यावर इतका खर्च केला’ हे वाक्य मनातच ठेवावं. पोरगं क्लासला जायच्या दिवशीच पोट दुखतं म्हणत असेल, रात्री झोपत नसेल, तर सत्र संपायची वाट पाहू नये. तिथे काहीतरी वेगळं घडत असू शकतं. आधी ते विचारावं.

आणि पाचवीत नापास झाला तर?

डिसेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने नियम बदलले तेव्हापासून ही भीती घरोघरी पुन्हा आली आहे. नियम असा: पाचवी किंवा आठवीच्या वार्षिक परीक्षेत मूल उत्तीर्ण झालं नाही तर निकालापासून दोन महिन्यांत त्याला जादा शिकवून पुन्हा संधी द्यायची. तेव्हाही जमलं नाही तर त्याच वर्गात ठेवता येतं, पण प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. प्रत्यक्षात काय लागू करायचं हे राज्यं ठरवतात, म्हणून आपल्या शाळेत विचारून घ्यावं.

ते दोन महिने फार नाजूक. निकालाच्या दिवशी मूल पहिल्यांदा आपल्या तोंडाकडे पाहतं. त्या दिवशी जेवण नेहमीसारखं व्हावं, नातेवाइकांना फोन करू नयेत. दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षकांना भेटून मूल नेमकं कुठे अडतं ते विचारावं. ‘गणित कच्चं’ एवढ्यावर थांबू नये; हातच्याची वजाबाकी, की भागाकार, की मुळात प्रश्नच वाचता येत नाही, हे कळेपर्यंत विचारावं. पुष्कळदा अडचण तिसरीतली निघते. मग तिथूनच सुरुवात करावी, रोज अर्धा तास, आणि पहिल्या आठवड्यात मुलाला जमतील अशीच उदाहरणं जास्त ठेवावीत. वही जपून ठेवावी. महिन्याने पहिलं पान त्याला दाखवून विचारावं, "हे तुला तेव्हा येत नव्हतं. आता सोडवून बघतोस?"